काचेच्या पेटीतलं नववं प्रकरण

व्हेंडेलच्या लिखाणात नेहमी कुणीतरी निघून जातं. जाणाऱ्याच्या वाट्याला सगळी सुंदर वाक्यं येतात, धुकं येतं, नदी येते. मागे राहणाऱ्या बाईच्या वाट्याला 'ती उभी होती' एवढे तीन शब्द. मला हे पाठ आहे, कारण ते सगळं टाईप मीच करते. आणि ती बाईही मीच आहे.

माझा नवरा कोल्ताय व्हेंडेल छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात, हंगेरीतला उठाव रशियनांनी चिरडल्यावर, सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियात गेला आणि तिथून इटलीतल्या त्रिएस्तेला. तिथे बंदरावरच्या गोदामात कारकुनी करतो आणि लिहितो. इकडे त्याची दोन्ही पुस्तकं वाचनालयांतून काढून टाकली, त्याचं नाव छापायचं बंद झालं आणि त्याची बायको म्हणून माझी शाळेतली नोकरी गेली. भूगोल शिकवायचे मी. आता सोल्नोकच्या एका शिवणकारखान्यात कोटांना अस्तरं लावते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी तक्रार म्हणूनच सांगते आहे.

तिकडे गेल्यावर त्यानं हंगेरियनमध्ये लिहिणं सोडलं आणि तो एस्परांतोत लिहायला लागला. कुठल्याच देशाची नसलेली, डोळ्यांच्या एका डॉक्टरनं बसून रचलेली भाषा. आमचं लग्न तिच्याच वर्गात जमलं. तो शिकवायचा, मी पहिल्या बाकावर. "या भाषेला पोलीस नाहीत," असं तो तेव्हापासून म्हणायचा. मला ते फार भारी वाटायचं. आता वाटतं, पोलीस नाहीत हे खरं, पण स्वयंपाकघरही नाही, अंगणही नाही, आणि चिडून भांडी आपटणारी बाई तर नाहीच नाही.

पण पोलीस नसण्याचा उपयोग झाला. हंगेरियनमधलं पत्र टपालात फोडून वाचायचे. एस्परांतोचं पत्र म्हणजे तिकिटं जमवणाऱ्या निरुपद्रवी लोकांचा छंद, त्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. म्हणून व्हेंडेलनं कादंबरीची चौदा प्रकरणं चौदा गावांतल्या चौदा पत्रमित्रांना पाठवली, 'लुचिओ' या टोपणनावानं. प्रत्येकाच्या सुरुवातीला 'प्रिय समविचारी', कारण ही मंडळी एकमेकांना असंच म्हणतात, आणि शेवटी एक ओळ: वाचून झाल्यावर सोल्नोकच्या एटेल्काबाईंना पाठवा, त्या अभ्यासवर्गासाठी उतारे जमवतात. एटेल्काबाई म्हणजे मी. मग मी ते प्रकरण परत हंगेरियनमध्ये आणायचं, चार कार्बन घालून टाईप करायचं आणि विश्वासातल्या लोकांना द्यायचं. हंगेरियन माणसानं हंगेरीबद्दल परक्या भाषेत लिहायचं आणि त्याच्या बायकोनं ते पुन्हा घरी आणायचं. आमचा संसार तो एवढाच उरला होता.

मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. सरहद्दीजवळ कापुवार नावाचं स्टेशन आहे. आम्ही तिघांनी तिथे भेटून एकत्र पलीकडे जायचं ठरलं होतं. मी किंगाला घेऊन पोहोचले. ती चार वर्षांची होती. तो आलाच नाही. तीन आठवड्यांनी व्हिएन्नाहून कार्ड आलं: 'वाटेत गस्त होती, स्टेशनपर्यंत पोहोचता आलं नाही.' एवढंच. अकरा वर्षं मी त्या एका ओळीवर काढली. पण ती ओळ मला कधी नीट गिळवली नाही. त्या दिवशी त्या रस्त्यावरून मीही आले होते, आणि गस्त मला काही दिसली नव्हती. एकदा एका पोलिश समविचाऱ्याबरोबर मी निरोप पाठवला, त्या दिवशी नक्की काय झालं ते सांग. उत्तर आलं, 'नवव्या प्रकरणात सगळं आहे.'

पहिली आठ प्रकरणं आली. दहावं आलं, अकरावंही आलं. नववं काही येईना. मी रोज टपालपेटी उघडायची आणि धाडकन बंद करायची. शेजारीण म्हणायची, "अगं, पेटीनं काय घोडं मारलंय तुझं?" मग एके दिवशी तिसाहालोमहून कार्ड आलं. हस्ताक्षर ठसठशीत, चारी बाजूंना एस्परांतोवाल्यांची खूण असलेल्या हिरव्या चांदण्या काढलेल्या. 'प्रिय समविचारी, इटलीचं चौदा पानी पत्र पोहोचलं! रविवारी तीन वाजता आमच्या संस्कृती भवनात पत्रप्रदर्शन आहे. ते दोन आठवडे चालेल, मग पत्र पाठवतो. तुम्हीही या. गेदेओन.'

मी कार्ड दोनदा वाचलं आणि डोकं धरून खाली बसले. हा या लोकांचा जुना सोस. बाहेरच्या देशातून पत्र आलं की ते काचेखाली मांडायचं आणि गावाला दाखवायचं, बघा, आमची भाषा जगभर चालते! पत्रात काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ते आलं, यातच त्यांचा आनंद. बंदी असलेल्या लेखकाच्या कादंबरीचं एक प्रकरण सरकारी इमारतीत, काचेखाली, दिव्याच्या उजेडात ठेवलं होतं.

रविवारी जेवण अर्धवट टाकून मी निघाले. किंगाला म्हटलं, "बटाट्याचं सूप आहे, रात्रीपुरतं ठेव." ती म्हणाली, "बाबांचं काम ना?" तिच्या 'बाबां'मध्ये नेहमी एक बारीकसा काटा असायचा. मी पिशवी उचलली. गाडी एका डब्याची, दर गावाला थांबणारी. इंजिनवाला मधेच उतरून कुणाशी तरी कोंबड्यांबद्दल बोलत उभा राहिला. मी खिडकीतून ओरडले, "अहो, निघणार की इथेच घर बांधणार?" तो म्हणाला, "बाई, रविवार आहे."

संस्कृती भवनाच्या दारात गेदेओनकाका उभे होते. निवृत्त रेल्वेवाले, सत्तरीचे, कोटावर हिरवी चांदणी, मिशा तेल लावून वळवलेल्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि ठणठणीत एस्परांतोत स्वागत सुरू केलं.

"काका, हंगेरियनमध्ये बोला हो," मी म्हटलं, "मला घाई आहे. ते इटलीचं पत्र मला आत्ता हवंय."

"आत्ता?" त्यांचा चेहरा पडला. "पोरी, अगं तेच तर आमचं मुख्य आकर्षण! जपानचं दीड पान आहे, ब्राझीलचं तर नुसतं कार्ड. आणि हे चौदा पानी!"

"तुम्ही वाचलंत?"

"वाचायला वेळ कुठे मिळाला? गुरुवारी आलं. तेव्हापासून मी फलक रंगवतोय." त्यांनी रंगानं माखलेली बोटं दाखवली. "पण पानं मोजली. दोनदा."

मला हसावं की त्यांच्या मिशा ओढाव्यात, कळेना. आत गेले. खोलीच्या मधोमध काचेची पेटी, तिला कुलूप. चौदा पानं पंख्यासारखी पसरलेली, एकावर एक, शोभेसाठी. वरचं पान बऱ्यापैकी दिसत होतं, बाकीच्यांच्या नुसत्या कडा. मी वाकून वाचायला लागले. 'स्टेशनवर बीटाचे डबे' आणि पुढे दुसऱ्या पानाखाली गडप. 'वाटाड्या म्हणाला की' गडप. 'बाईनं पहिली पिशवी' गडप. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या नाकासमोर होतं, आणि मला ओळींची शेपटं तेवढी दिसत होती. काचेवर माझा श्वास जमला आणि तेही दिसेनासं झालं.

"किल्ली?" मी विचारलं.

"रोझगोन्यीबाईंकडे," काका म्हणाले. रोझगोन्यीबाई म्हणजे भवनाच्या संचालिका. उंच, करड्या सूटमधल्या, मानेवर अंबाडा. त्या पक्षाच्या जिल्हा समितीच्या एका साहेबांना फिरवत होत्या. साहेबांच्या हातात पोगाचांची, म्हणजे छोट्या खाऱ्या पावांची, बशी होती आणि ते बल्गेरियाच्या तिकिटाकडे डोळे बारीक करून बघत होते. तीसेक माणसं जमली होती, बहुतेक पेन्शनर, पोगाचांसाठी आलेली.

मी काकांना कोपऱ्यात ओढलं. "हे पत्र नाही, काका. काय आहे ते इथे सांगता येणार नाही. ते बाहेर काढा, नाहीतर तुम्हीही गोत्यात याल आणि मीही."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. म्हातारे असले तरी खुळे नव्हते. "बरं," ते हळूच म्हणाले, "उद्घाटन होऊ दे. मग काहीतरी करतो."

पण रोझगोन्यीबाईंनी टाळ्या वाजवल्या. "मंडळी, नुसतं बघून काय कळणार? ही भाषा कानावर कशी पडते ते ऐकू या. कॉम्रेड गेदेओन, ते लांबलचक इटलीचं वाचा बरं. एक परिच्छेद मूळ, मग त्याचा हंगेरियन अर्थ."

"जपानचं वाचतो की," काका घाईघाईनं म्हणाले. "छोटं आहे, गोड आहे."

"साहेबांना इटली ऐकायचंय," बाई म्हणाल्या आणि पेटी उघडून त्यांनी पानं स्वतःच्या हातांनी गोळा करून काकांच्या हातात दिली.

काकांनी चष्मा लावला. पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचला. एस्परांतोत तो असा होता: 'कापुवारच्या स्टेशनवर बीटाचे डबे उभे होते. संध्याकाळचे साडेचार वाजले होते. माणूस दुसऱ्या डब्याआड उभा होता आणि त्याला फलाट पूर्ण दिसत होता.'

स्टेशनपर्यंत पोहोचता आलं नाही, असं कार्डावर होतं.

साहेबांनी पोगाचा चावता चावता मान वर केली. "कापुवार? ते तर आपलं! मला तेवढं बरोबर कळलं."

काकांनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या एका क्षणात त्यांना काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. घसा खाकरून ते म्हणाले, "हो साहेब, आपलंच. आमचा मित्र लुचिओ लिहितो, तरुणपणी सायकलवरून आपल्या देशात आलो होतो. कापुवारला जेवलो. असं बदक पुन्हा कुठे खाल्लं नाही."

लोक खूश होऊन हसले. "पुढे वाचा," बाई म्हणाल्या.

काका थांबले. त्यांनी पुढच्या परिच्छेदावरून नजर फिरवली. ते माझ्याकडे बघत राहिले, डोळ्यांनी विचारत, पुढे वाचू का? मी मान हलवून नको म्हटलं असतं तर त्यांनी खोकल्याची उबळ आणली असती, पानं खाली पाडली असती, काहीही केलं असतं. समोर समितीचा माणूस, बाजूला संचालिका, शहाण्या बाईनं नकोच म्हटलं असतं. मी म्हटलं, "वाचा काका."

त्यांनी वाचलं. 'वाटाड्या म्हणाला, लहान मूल नको, मूल रडतं आणि सगळे मरतात. माणसानं फलाटाकडे पाहिलं. बाईनं पहिली पिशवी खाली ठेवली, मग दुसरी. तिनं घड्याळाकडे पाहिलं. डब्यापासून तिच्यापर्यंत बारा पावलं होती. त्यानं ती मोजली. मोजून झाल्यावर तो वळला आणि वाटाड्यामागून चालू लागला.'

"लुचिओ लिहितो," काका घाईनं म्हणाले, "त्रिएस्तेला मासळी चांगली मिळते. समुद्र अगदी, म्हणजे घरापासून बारा पावलांवर. रविवारी तो सार्डिन आणतो आणि बायको तळते."

"मजा आहे बुवा त्याची," साहेब म्हणाले.

मी एका खुर्चीची पाठ धरून उभी होते. तीस माणसांत ते दोन आवाज ऐकणारी मी एकटीच. एका कानात माझा नवरा मला टाकून जात होता आणि दुसऱ्या कानात मी त्याला मासे तळून घालत होते. मला एवढा संताप आला होता की रडूही येईना. बारा पावलं! शाळेतून घरी येताना मी रोज हजार टाकायचे.

"अजून एक," रोझगोन्यीबाई म्हणाल्या, "ऐकायला छान वाटतं."

काकांनी शेवटचा परिच्छेद वाचला, जवळजवळ कुजबुजत. 'जाता जाता त्यानं एकदाच मागे पाहिलं. मूल आईच्या खांद्यावर झोपलं होतं. त्याला बरं वाटलं. झोपलेल्या मुलाला कुणी सोडून जात नाही, ते फक्त उद्या उठतं.'

"झोपली नव्हती!"

मी ओरडले होते. हंगेरियनमध्ये, भर सभेत. सगळे वळले. साहेबांच्या बशीतला पोगाचा खाली पडला. झोपली नव्हती किंगा. टक्क जागी होती. माझ्या खांद्यावरून डब्यांकडे बोट दाखवून तिनं "बाबा! बाबा!" म्हणून आरडाओरडा केला होता. मी वळून पाहिलं तर डबे आणि अंधुक उजेड. फलाटावरचे सैनिक बघायला लागले म्हणून मी घाबरले, आणि खोटं बोलतेस म्हणून तिच्या एक सणसणीत थोबाडीत ठेवून दिली. त्यानंतर ती गप्प झाली. पार घरी परत येईपर्यंत गप्प.

"बाईंना काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"बाईंना भाषा येते," काका पटकन म्हणाले. "माझी चूक धरली त्यांनी. लुचिओची मुलगी झोपलीय असं मी म्हणणार होतो, पण ती जागी आहे, असं लिहिलंय. म्हातारपण, साहेब. डोळे गेले."

"कडक मास्तरीण दिसते," साहेब म्हणाले आणि लोक हसले. टाळ्या झाल्या. जिल्हा समितीनं आंतरराष्ट्रीय मैत्रीबद्दल दोन शब्द सांगितले. मग सगळे पुन्हा पोगाचांकडे वळले.

काकांनी मला मागच्या दारानं बाहेर नेलं. चौदा पानं कोटाच्या आतून काढून माझ्या पिशवीत कोंबली. "पेटीत रेल्वेचं एक जुनं वेळापत्रक ठेवतो, आमच्या भाषेतलं," ते म्हणाले. "ते कुणी वाचणार नाही. हे तरी कुणी वाचलं होतं?" मग मिशीला पीळ देत म्हणाले, "पोरी, आमच्यात एक नियम आहे. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं. काय लिहू त्याला?"

"लिहा, प्रदर्शन छान झालं. लोकांना समुद्र फार आवडला."

"एवढंच?"

"आणि बदक."

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी टोपी काढली, दफनाच्या वेळी काढतात तशी, आणि मी स्टेशनकडे निघाले.

परतीच्या गाडीत मी सगळं वाचून काढलं. आणि जे मला सर्वांत असह्य झालं ते सांगते: ते उत्तम होतं. त्यानं आजवर लिहिलेलं सर्वांत चांगलं. एक शब्द इकडचा तिकडे करता आला नसता. गोठलेले बीट, वाटाड्याच्या तोंडाचा लसणाचा वास, बुटाच्या तळव्यात घातलेला वर्तमानपत्राचा कागद, सगळं खरं. फक्त पोर तेवढी खोटी. तिला त्यानं झोपवली, कारण ती जागी असती तर परिच्छेद उभाच राहिला नसता. शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीनं माझ्यासाठी एक ओळ होती. मी अधाशासारखी वाचली. 'टाईप करताना या प्रकरणातले परिच्छेद तोडू नयेत.'

त्या डब्यात मी मोठ्यानं दोन शिव्या दिल्या, शुद्ध हंगेरियनमध्ये. समोरच्या आजीबाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली.

घरी पोहोचले तेव्हा सहा वाजले होते. किंगा टेबलाशी बसून शाळेच्या ब्लाउजला बटण लावत होती. पंधरा वर्षांची आहे ती आता, माझ्याहून उंच. मी कोट न काढताच तिच्यासमोर बसले. गाडीत मी वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले.

"कापुवारला," मी म्हटलं, "तू म्हणालीस की बाबा तिकडे आहेत. मी तुला मारलं."

तिची सुई थांबली. तिनं वर पाहिलं नाही.

"ते होते तिथे," मी म्हटलं. "तुझं खरं होतं."

"माहितीये मला."

"मग एवढ्या वर्षांत एकदाही का नाही बोललीस? मी रात्र रात्र त्यांचं टाईप करत बसायचे आणि तू बघायचीस!"

"त्यांनी असं केलं होतं." किंगानं सुई धरलेल्या हाताचं एक बोट ओठांवर ठेवलं. मग खाली घेतलं. "मी ओरडले तेव्हा. मला वाटलं खेळ आहे. मग तू मारलंस. मग मला वाटलं, मी बोलले म्हणून ते गेले. आता कुणाला सांगितलं नाही तर येतील." ती पुन्हा बटणाकडे वळली. "नंतर मोठी झाले, तेव्हा कळलं येणार नाहीत. पण तोपर्यंत सवय झाली होती न सांगायची."

मला तिच्या गालाला हात लावायचा होता. मी हात पुढे केला आणि मधेच थांबले. कुठल्या गालावर मारलं होतं, ते मला आठवेना. मी तिला तसं विचारलं.

"राहू दे ना आई," ती म्हणाली. "सूप गरम करते."